सिगारेट म्हणजे व्यसन अन् खर्रा म्हणजे टाइमपास?

संत्रानगरी
नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर उभं राहा, हेच ऐकू येतं: "खर्रा काय, मनात आणलं की सोडू. सिगारेट मात्र सुटत नाही." मला हे अजिबात पटत नाही. खर्र्याची पकड जास्त चिवट. सिगारेट पाच-सात मिनिटांत विझते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, गालात बसून राहतो, निकोटिन झिरपत राहतं आणि थुंकल्यावरही रक्तातली पातळी सावकाशच उतरते. अमेरिकेत १९८०च्या दशकात हे मोजून पाहिलंय: एका वेळच्या वापरात तोंडात ठेवायच्या तंबाखूची कमाल पातळी सिगारेटच्या जवळपास भरली, पण शरीरात गेलेलं एकूण निकोटिन जास्त होतं.

धूरकरी
एकूण किती गेलं याला काय करायचं? किती झपाट्याने गेलं ते बघा. झुरका ओढला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत. एका सिगारेटीचे दहा झुरके धरले तर दहाच्या पाकिटात शंभर वेळा तोच धडा गिरवला जातो. सिगारेट सोडायला कातडीवर चिकटवतात तो निकोटिनचा पॅचही दिवसभर अंगावर असतो, पण पॅचसाठी रात्री अकराला कोणी सीताबर्डीच्या बाजारभर भटकताना पाहिलंय? मी स्वतः ओढतो, ऐकीव सांगत नाहीये.

हिंगणा_शिफ्टवाला
पॅचले काय चव असते का बाप्पा? आमच्या कंपनीत गेटच्या आत काडी पेटवता येत नाही, म्हणून सिगारेटवाला सुट्टीपर्यंत थांबतेच. खर्रावाल्याले कोण थांबवते? ठेल्यावरचा पोट्टा सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटून देते, रबर लावलं का पुडी खिशात. मशीन चालू, तोंड चालू. तलफ यायले जागाच उरत नाही, म्हणून वाटते का व्यसन नाही. ज्या दिवशी पुडी घरी राहिली त्या दिवशी पाहा, सुपरवायझरच्या अंगावर जाते.

दाढ_दुखी
मी दंतवैद्यकाची विद्यार्थिनी. चुन्याबद्दल कोणीच बोललं नाही! गालातून निकोटिन नीट शोषलं जायला तोंडात अल्कधर्मी वातावरण लागतं, ते चुना करून देतो. शिवाय सुपारीतलं अरेकोलिन स्वतःच सवय लावतं. सबम्युकस फायब्रोसिसचे, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाण्याच्या आजाराचे रुग्ण आम्ही पाहतो. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी, वरणभात मऊ कालवून कसाबसा आत ढकलायचा. आणि तपासणी झाली की जिन्यात पुन्हा पन्नी उघडायची. याला टाइमपास म्हणायचं?

धूरकरी
पण सुपारीचा हिशेब निकोटिनच्या खात्यात का मांडता? नुसता तंबाखू-चुना मळून खाणारा आणि सिगारेटवाला समोरासमोर ठेवा, मग बोलू.

संत्रानगरी
ठेवा की. निकोटिनचं व्यसन किती हे मोजणारी फागरस्ट्रॉम प्रश्नावली विचारते, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? तंबाखू खाणाऱ्यांसाठी तीच बदलून घेतलीय, त्यात रस गिळता का हेही विचारतात. सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, कशातच लक्ष नसणं दोघांनाही होतं. आणि नागपुरात सुपारीवाचून खाणारे मोजकेच, त्यांच्यावरून खर्र्याचा निकाल कसा लावणार?

महालची_सून
तुम्ही सगळे बापेमाणसांचंच बोलताय. सिगारेटवाल्याला गच्चीवर जावं लागतं, वास येतो, घरचे टोकतात. माझ्या सासूबाईंची पुडी पोह्यांच्या डब्यामागे असते. त्यांना व्यसनी म्हणायची कोणाची हिंमत आहे? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ओढणारे ३.८ टक्के, बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. कोण कोणाला टोकणार?

हिंगणा_शिफ्टवाला
डॉक्टरीणबाई, ते निकोटिनचं च्युइंगम खर्रावाल्याले चालते का?

दाढ_दुखी
चालतं, पण एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. खर्र्यासारखं चघळत रस गिळलात तर उचकी लागेल आणि उपयोगही कमी. थोडं चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं. आधी पंधरा मिनिटं चहा बंद. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइनही आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट.

धूरकरी
घ्या! गालातून सावकाश जाणारं निकोटिन तुम्हीच औषध म्हणून देताय. मी सुरुवातीपासून दुसरं काय म्हणतोय?

दाढ_दुखी
त्या औषधाचा डोस ठरलेला असतो आणि तो हळूहळू कमी करत बंद करतात. पन्नीतला डोस कोण ठरवतं, ठेल्यावरचा पोट्टा?