मामांची प्लीहा वाढली आहे, मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. डिचोलीत राहणाऱ्या माझ्या मामांच्या (वय ५८) सोनोग्राफीत प्लीहा, म्हणजे पाणथरी, १६ सेंटिमीटर आढळली आहे. प्रौढांत तिची लांबी सहसा १२-१३ सेंटिमीटरपर्यंत असते. डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो आणि चार घास खाताच पोट भरते, एवढीच त्यांची तक्रार आहे. प्लेटलेट्स मात्र ८८ हजारांवर आल्या आहेत. वाढलेली प्लीहा त्या स्वतःत अडकवून ठेवते, असे डॉक्टरांनी समजावले.

मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली असून मामा मद्याला शिवत नाहीत (काजूच्या फेणीचा हंगाम असला तरी!), तथापि मद्य न घेणाऱ्यांनाही सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) होऊ शकतो, त्यामुळे यकृताचे आजार, तांबड्या पेशी अकाली फुटण्याचे विकार आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) या शक्यता अद्याप तपासायच्या आहेत.

पुढील आठवड्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाणार आहोत. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगावे की रक्ताचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी पाहणे), फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणे), एन्डोस्कोपी व बोन मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) यांपैकी कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या. प्लीहा काढावी लागल्यास न्यूमोकोकस व मेनिंगोकोकस या जिवाणूंविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. त्या गोव्यात कोठे मिळाल्या?

पोटाला मार बसल्यास अशी प्लीहा फाटू शकते, तरीही मामा नारळांची पोती स्वतःच उचलतात. त्यांना कसे थोपवावे, हेही सुचवावे. झाडपाल्याची औषधे कृपया सुचवू नयेत.