चार वर्षांचा मुलगा आणि मधुमेही सासूबाई, दोघांनाही जुलाब: जलसंजीवनी (ओआरएस) कशी द्यावी?

जांबोटीची सून (खानापूर तालुका):
गेले आठ दिवस आमच्याकडे पावसाची झड लागली आहे आणि विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे. परवापासून माझ्या मुलाला (वजन 14 किलो) जुलाब आणि थोडा ताप आहे, तर कालपासून सासूबाईंनाही तोच त्रास सुरू झाला आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. साखर वाढेल या भीतीने त्या जलसंजीवनी घेत नाहीत, आणि मुलाला मात्र पोटाला आराम हवा म्हणून उपाशी ठेवायला सांगतात. मी पाकिटातली चिमूट-चिमूट पूड पेल्यात टाकून त्याला पाजत आहे. हे चालेल का?

निवृत्त परिचारिका, बेळगाव:
ताई, चिमटीने पूड घालणे आधी थांबवा. पाकिटावर 1 लिटर लिहिले असेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात ते सगळे एकदम ओतावे. 200 मिलीची छोटी पाकिटेही मिळतात, म्हणून आकडा वाचूनच पाणी मोजावे. पाणी कमी पडले तर मिठाचे प्रमाण वाढून मुलाला अपाय होऊ शकतो. घरातला लोटा किती पाण्याचा आहे, हे एकदा पाण्याच्या बाटलीने मोजून ठेवा. माझ्या अनुभवात निम्म्या घरांचा अंदाज चुकतो. तयार केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे.

प्रत्येक पातळ शौचानंतर त्याला 100 ते 200 मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. उपाशी मुळीच ठेवू नका. तांदळाची पेज, मऊ भात, केळे, जे खाईल ते द्या. डॉक्टरांना विचारून जस्ताची 20 मिलिग्रॅमची गोळी 14 दिवस द्यावी, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी न होणे किंवा मूल मलूल पडून पाणीही न पिणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी वाट न पाहता 108 ला फोन करा.

निपाणीकर:
तापाच्या औषधाबाबत माझीच चूक सांगतो. पॅरासिटामॉलचे सिरप 5 मिलीत 125 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 250 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येते. जुनी बाटली संपली, नवी आणली आणि सवयीने झाकणभर, म्हणजे 5 मिलीच पाजले. रात्री लेबल वाचल्यावर कळले की मात्रा दुप्पट झाली होती. सुदैवाने एकच वेळ होती. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा अधिक वेळा नाही. वहिनी, तुमच्या 14 किलोच्या मुलाला 140 ते 210 मिलिग्रॅम, म्हणजे 250 वाल्या सिरपचे साधारण 3 ते 4 मिली. मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका आणि ॲस्पिरिन मुलाला अजिबात देऊ नका.

निवृत्त परिचारिका, बेळगाव:
सासूबाईंचे राहून गेले. 1 लिटर जलसंजीवनीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे अंदाजे तीन चहाचे चमचे, आणि तेही दिवसभरात थोडे थोडे पोटात जाते. पाणी कमी झाल्याने होणारा अपाय त्याहून मोठा आहे. साखर तपासत राहा. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये मात्र त्यांनाही नकोत आणि मुलालाही नकोत. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे.

त्यांच्या गोळ्यांबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबाची काही औषधे जुलाब सुरू असताना काही दिवस थांबवावी लागतात. पण हा निर्णय तुमचा किंवा माझा नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही सांगा.

जांबोटीची सून:
मावशी, लोटा मोजला. तो पाऊण लिटरचा निघाला. सासूबाईंनी अर्धा पेला घेतला आहे, गोळ्यांची पाकिटे घेऊन आम्ही दुपारी दवाखान्यात जात आहोत.