मदत हवी आहे: लॅटेक्सची तलवार चिकट झालीये, वाचेल का?

मंडळी, इथे जर्मनीत लार्प (वेश करून, पात्र बनून खोट्या शस्त्रांनी खेळायचा खेळ) खेळणारं कोणी आहे का? माझी फोमची तलवार आहे, आत फायबरग्लासची काठी, वर फोम आणि त्यावर लॅटेक्सचा थर. हिवाळाभर ती हीटरशेजारी टोकावर उभी राहिली, चूक माझीच, आता पातं केळ्यासारखं वाकलंय आणि टोक दाबलं की आतली काठी बोटाला लागते. शिवाय ती ढालीला चिकटली होती, ओढली तर टर्रकन बोटभर साल निघालं.

सिलिकॉन स्प्रे मारतो अधूनमधून, पण चिकट जागी आधी टाल्कम पावडर लावू का? आई फोनवर म्हणाली खोबरेल चोळ 😄 तिला कसं सांगू की तेलाने लॅटेक्स खराब होतं. फाटलेल्या जागी लिक्विड लॅटेक्सचे पातळ थर दिले तर टिकतात का? टोकाचं मात्र काही होणार नाही बहुतेक, अशी तलवार खेळाआधीच्या तपासणीत बाद करतात आणि बरोबरच आहे, कोणाच्या डोळ्याला लागली तर?

आणि पुढच्या महिन्यात दीड महिना पुण्याला चाललोय, तळघरात ओल आहे, माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी. मुठीच्या आडव्या दांडीला धरून कपाटात टांगून ठेवली तर चालेल ना?