प्लांट हेड व्हायचंय, तर एक्झिक्युटिव्ह कोर्स कुठला? की कुठलाच नको?

अंबडकर
वय 41, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रॉडक्शन सांभाळतो. पुढची पायरी प्लांट हेडची. एचआरचं म्हणणं, एखादा एक्झिक्युटिव्ह कोर्स करून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: सहा महिन्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेटवाले कोर्स म्हणजे मोठ्या संस्थेचं नाव विकत घेणं. रविवारी लॅपटॉपसमोर बसायचं, कॅमेरा बंद, शेजारी कोण शिकतोय तेही कळत नाही. वर फीवर 18 टक्के जीएसटी. आयआयएमच्या पदवी-पदविकेच्या दीर्घ कोर्सला जीएसटी माफ आहे, छोट्या सर्टिफिकेटला नाही. करायचं तर पूर्ण वेळ करा, नाहीतर राहू द्या.

गोदाकाठ
पूर्ण वेळ म्हणजे आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स कोर्स ना? वर्षभर निवासी, नोकरी सोडून, फी तीस लाखांच्या वर. गंगापूर रोडच्या फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? मुलांची दहावी-बारावी याच वयात येते. नोकरी न सोडता टप्प्याटप्प्याने होणारा आयएसबी या बिझनेस स्कूलचा पीजीपीमॅक्स आहे, पण तोही खिशाला झेपणारा नाही. छोट्या कोर्सला नावं ठेवणं सोपं आहे. मला त्यातून ताळेबंद वाचता यायला लागला, तेवढ्याने पैसे वसूल.

सिन्नर_एचआर
मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूने सांगते. मागे एका उमेदवाराने नवीन सीएनसी मशीनचा प्रस्ताव मांडला. सायकल टाइम किती सेकंदांनी कमी होईल, रिजेक्शन किती घटेल, सगळं पाठ. फायनान्सवाल्यांनी एकच विचारलं, ‘पैसा किती वर्षांत परत येणार, आणि ऑर्डर निम्म्यावर आल्या तर?’ गडी गप्प. बायोडेटावर सर्टिफिकेटं तीन होती! कोर्सआधी साहेबांकडे वर्षभर खरेदी किंवा डिस्पॅच मागून घ्या, बजेटच्या बैठकीत बसा. नफ्यातोट्याची जबाबदारी अंगावर घेतल्याशिवाय पॅनेल तुम्हाला प्रॉडक्शनचाच माणूस समजणार.

अंबडकर
ताई, मागून मिळत असतं तर हा धागा काढलाच नसता. आमच्याकडे खरेदी म्हणजे मालकांच्या मेहुण्यांचं संस्थान.

ओझरवाला
एक मुद्दा राहतोय. काही कंपन्यांत वरच्या ग्रेडला पदव्युत्तर पदवीची अट असते, तिथे सर्टिफिकेट चालत नाही. आधी आपल्या कंपनीचा नियम बघा. अट फक्त कागदापुरती असेल तर गोवर्धनला आपलं मुक्त विद्यापीठ आहे, एमबीए तिथूनही होतं, फीही आवाक्यातली. मुंबई-पुण्याच्या नावाला भुलू नका.

गोदाकाठ
मुक्त विद्यापीठाच्या पदवीने अट भागेल, ओळखी नाही होणार. वर्गात बँकवाला, औषध कंपनीवाला, लॉजिस्टिक्सवाला शेजारी बसतो, तो खरा फायदा. त्यासाठी मुंबईची शनिवार-रविवारची बॅच बघा. 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. पुढे भिवंडी आहेच म्हणा. पुण्याचं नाव काढू नका, चाकणलाच जीव जातो.

अंबडकर
ओळखींचं पटलं, म्हणजे ऑनलाइन बादच. पण कंपनी अर्धी फी देते आणि दोन वर्षांचा बाँड मागते. करू सही?

सिन्नर_एचआर
बाँडच्या बदल्यात कोर्स संपल्यावर कुठली जबाबदारी देणार, ते मेलवर मागा.

ओझरवाला
मेलवर? ताई, तुमच्या कंपनीत देतात का असं लिहून?