नकार मिळालेल्या मुलाची बाजू, आणि मुलीची?

तापीकाठची लेक
काल येथे एका ज्येष्ठांनी लिहिले की, नकार मिळाल्यामुळे मुलीवर हल्ला करणारा मुलगाही प्रेमाचाच बळी असतो. ते वाचून गप्प बसवले नाही. जो रोज एसटीच्या थांब्यावर उभा राहतो, नको म्हटल्यावरही फोन करतो आणि नंबर बदलला तर मैत्रिणीकडून नवा मिळवतो, त्याचा हल्ला एका क्षणाच्या रागातून होत नाही. घर, गल्ली आणि कॉलेज यांनी ते सारे पाहून सोडून दिलेले असते. पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

केळीवाला, रावेर
ताई, हल्ल्याचे समर्थन मी करत नाही. परंतु आमच्याकडे बागायतदाराच्या मुलालाही कोणी मुलगी देत नाही, सर्वांना पुण्यातला नोकरदार जावई हवा. तिशी उलटलेल्या या मुलांचे एकटेपण कोणालाच दिसत नाही.

धुळेकर
2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. मुली जन्मू दिल्या नाहीत, आणि आता मुली मिळत नाहीत म्हणून गळा काढता?

केळीवाला, रावेर
तोंड सांभाळून बोला. मी तीन मुली वाढवल्या आणि शिकवल्या. कोणाच्या पापाचा हिशेब माझ्याकडे मागू नका.

तापीकाठची लेक
भाऊ, लग्न न जमलेले हजारो जण कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत, त्यांना या गुन्हेगाराच्या रांगेत तुम्हीच बसवत आहात. माझ्या मावसबहिणीच्या वेळी मुलाच्या बापाला बोलावून प्रकरण मिटवले गेले आणि कॉलेज मात्र हिचे बंद झाले. अनोळखी नंबर दिसला की ती आजही फोन पालथा घालते. तिला सावरले ते मामीने. मामी प्रत्येक पेपरला तिच्यासोबत बसने गेली, बाहेर थांबली आणि ‘तूच काही केले असशील’ असे एकदाही म्हणाली नाही.

नंदुरबारची वकील
राज्य सरकारची मनोधैर्य ही आर्थिक मदतीची योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी आहे. पाठलागामुळे शिक्षण सुटलेल्या मुलीला तिचा आधार नाही. अॅसिड हल्ल्यातील पीडितेवर खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार करणे बंधनकारक आहे, हे नातेवाइकांना ठाऊक नसते आणि ते पैशांच्या जुळवाजुळवीत वेळ घालवतात. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र असल्याने तो लगेच सुटेल, म्हणून तक्रारच देत नाहीत. परंतु पहिल्याची शिक्षाच झाली नाही, तर दुसऱ्या खेपेची अजामीनपात्र तरतूद लागणार कशी?

केळीवाला, रावेर
नकार पचवायला मुलाला घरातच शिकवले पाहिजे, एवढे मान्य. मात्र जावयाबद्दलच्या अपेक्षांवर मी वेगळा धागा काढणारच.

तापीकाठची लेक
जरूर काढा, मीही लिहीन. फक्त त्यात हल्लेखोराची वकिली नको.