छायाचित्र ‘काढले’, ‘टिपले’ की ‘घडवले’?

कृष्णाकाठ (सांगली):
आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या गटाने आवडत्या छायाचित्रांवर एक छोटी पुस्तिका करायचे ठरवले आहे. मी अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे छायाचित्र निवडले आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. ‘अ‍ॅडम्स यांनी हे छायाचित्र १९४१ साली टिपले’ असे मी लिहिले होते. संपादन पाहणाऱ्या बाईंनी ‘टिपले’ खोडून ‘काढले’ केले आणि समासात लिहिले की पाखरे दाणे टिपतात, शिकारी सावज टिपतो, माणूस फोटो काढतो. मी ज्यावरून लिहीत होतो त्या इंग्रजी मजकुरात तर ‘घेतले’ नव्हे, ‘केले’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. आपण कोणता शब्द वापराल?

अजिंक्यतारा (सातारा):
बाईंचे बरोबर आहे. चित्र काढतात, रांगोळी काढतात, त्याच ओळीत फोटोही काढतात. माझा आक्षेप मात्र आपल्या वाक्यातील ‘छायाचित्र’ या शब्दालाच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८३९ साली रूढ केलेल्या ‘फोटोग्राफी’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘प्रकाशाने रेखाटणे’ असा असताना आपण नेमका प्रकाश सोडून सावली उचलली. बंगालीत ‘आलोकचित्र’ म्हणतात आणि मराठीतही ‘प्रकाशचित्र’ हा शब्द तयार आहे. मी चाळीस वर्षे तोच वापरत आलो आहे.

पाठशाळा (वाई):
सर, आदर राखून सांगते की ‘छाया’ म्हणजे केवळ सावली नव्हे. प्रतिबिंब, कांती हेही तिचे अर्थ आहेत. छायादानात माणूस तेलात आपले प्रतिबिंब पाहून ते तेल दान करतो, तेव्हा तो काही आपली सावली पाहत नसतो. संस्कृत नाटकांतील प्राकृत संवादांखाली जे संस्कृत रूपांतर छापतात त्यालाही ‘छाया’च म्हणतात, कारण तेथे मूळ वाक्य दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे उमटलेले असते. शिवाय त्याच १८३९ साली छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी आपल्या निबंधातील एका भागाला ‘सावली स्थिर करण्याची कला’ अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. सावलीचे नाव आपण चुकून घेतले, असे म्हणता येणार नाही.

अजिंक्यतारा:
छायादानाचे उदाहरण मान्य. पण आज ‘छाया’ म्हटल्यावर शाळकरी मुलाला झाडाची सावलीच आठवते, तेल नव्हे. शब्द व्युत्पत्तीने कितीही समर्थनीय असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचे चित्र उभे करत असेल, तर तो सुधारायला हवा असे माझे ठाम मत आहे.

गणपतीपेठ (सांगली):
माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता आणि माझे बालपण डार्करूमच्या लाल दिव्यात गेले. गिऱ्हाईक ‘फोटो काढायचाय’ म्हणत येई, ‘छायाचित्र’ किंवा ‘प्रकाशचित्र’ कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. वडील रोल धूत, मग खिडकीशी बसून टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर टचिंग करत, म्हणजे बारीकसारीक दोष झाकत, आणि शेवटी कॉप्या काढत. ‘फोटो काढला’ आणि ‘तीन कॉप्या काढल्या’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच असले तरी कामे अगदी निराळी होती आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नसे. ज्या शब्दाने दोन्ही कामे इतकी वर्षे निभावली, तो अपुरा आहे असे मला वाटत नाही.

टिपकागद (मिरज):
मला ‘टिपणे’ सोडवत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ सालचे पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकामागचे छायाचित्र पाहा. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची टाच पाण्याला लागायला केसभर अंतर उरले आहे आणि तेवढ्यात तो क्षण उचलला गेला आहे. पाखराने दाणा उचलावा, टिपकागदाने शाई ओढून घ्यावी, तसे हे काम आहे, त्यामुळे येथे ‘काढले’ म्हटले की ती चपळाई हरवते.

तरीही एक गोष्ट मान्य करतो. रघू राय यांचे भोपाळ वायुकांडानंतरचे १९८४ सालचे, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचे छायाचित्र माझ्या मनातून कधीच गेले नाही. उघडे डोळे आणि चेहऱ्यावर टेकलेला तो हात पाहिल्यावर ‘टिपले’ हा शब्द माझ्याच्याने उच्चारवत नाही. तेथे सावजाची आठवण असह्य होते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार, पण माझे वाक्य अजून अडलेलेच आहे. अ‍ॅडम्स यांना त्या संध्याकाळी प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता त्यांना ठाऊक होती त्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक निगेटिव्ह मिळवली. दुसरी घेण्याआधीच दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन गेले. इथपर्यंत ‘टिपले’ चालेल. पण १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो अधिक ठळक केला, आणि पुढच्या काही दशकांत प्रती काढताना आकाश उत्तरोत्तर काळे करत नेले. सुरुवातीच्या प्रतींतले ढग नंतरच्या प्रतींत जवळजवळ विरून गेले आहेत. हे सारे ‘काढले’मध्ये मावते का? की ‘घडवले’ म्हणावे? ‘घडवले’ म्हटले की मला मूर्ती आणि दागिनेच दिसतात.

पाठशाळा:
‘साकारले’ कसे वाटते?

अजिंक्यतारा:
‘साकारले’ हा शब्द नाटकातल्या भूमिकांनी वापरून गुळगुळीत केला आहे. वाक्य आपण ‘प्रकाशचित्र’ने सुरू केलेत, तर पुढचे क्रियापद आपोआप सुचेल.

गणपतीपेठ:
एका वापराकडे आपल्या सर्वांचेच दुर्लक्ष झाले. घरात आपण ‘फोटो छान आला’ म्हणतो. वडीलही कॉपी ट्रेमध्ये हलवताना, कागदावर चेहरा हळूहळू दिसू लागला की ‘आला, आला’ म्हणत. त्यांनीच तो काढलेला असे, टचिंगही त्यांचेच, तरी त्या घटकेला क्रियापदात कर्ता म्हणून ते स्वतः नसत. २०१९ च्या महापुरात आमच्या काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या पाण्यात राहिल्या आणि जिलेटिनचा थर सुटून काचा कोऱ्या झाल्या. तेव्हा आई म्हणाली, ‘सगळे फोटो निघून गेले.’ ‘काढणे’चे हे दुसरे टोक मला त्या दिवशी कळले. आपल्या वाक्यात ‘आले’ बसणार नाही हे खरे, कारण त्यात अ‍ॅडम्स यांचे नाव राहिले पाहिजे.

कृष्णाकाठ:
पुस्तिका शनिवारी छापायला जाते. बाईंना मी आपली ही सगळी चर्चा वाचायला दिली असून त्यांनी तूर्त ‘काढले’ कायम ठेवले आहे. ‘छायाचित्र’ या शब्दावर मात्र आता त्यांनीही प्रश्नचिन्ह केले आहे.