चर्चा: खासगी पायलटच्या रेटिंगला तारखेची मुदत हवीच कशाला?

तिसरं गेट (धागाकर्ता)
हौसेखातर विमान शिकलो अमेरिकेत, नोकरी केली जर्मनीत, आता परत बेळगावच्या टिळकवाडीत. खिशात दोन परवाने. अमेरिकेचा मरेपर्यंत चालतो. दर २४ महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास जमिनीवर, एक तास हवेत उजळणी केली की झालं. युरोपात एक-इंजिनी रेटिंग, म्हणजे परवान्यावरची तसलं विमान उडवायची मान्यता, दोन वर्षांनी संपतं. वाढवायचं तर शेवटच्या १२ महिन्यांत १२ तास, त्यातले ६ स्वतः कमांडर म्हणून, १२ टेकऑफ, १२ लँडिंग, शिवाय इन्स्ट्रक्टरबरोबर तासभर. मी पहिल्या वर्षी ४१ तास उडवले, दुसऱ्या वर्षी आईच्या आजारपणात इकडे होतो, १० च भरले. त्या ४१ ना काडीची किंमत नाही! माझं म्हणणं: तारखेचा शिक्का काढा, एका देशातली उजळणी सगळीकडे धरा. कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकातून महाराष्ट्रात गेलो म्हणून माझं बेळगावचं गाडीचं लायसन्स कुणी नव्याने काढायला लावतं का?

सांबरा_निवृत्त
गाडीचं लायसन्स एकाच देशाचं आहे रे बाबा! विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो आंतरराष्ट्रीय करारापासून नियम आहे, विमान ज्या देशात नोंदलेलं त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना लागतो. आपल्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर उभ्या व्हीटी अक्षरांच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या विमानात तुझे दोन्ही कागद तसेच्या तसे चालायचे नाहीत.
आणि अर्धंच सांगितलंस. तास भरले नाहीत तरी मुदतीच्या शेवटच्या तीन महिन्यांत परीक्षकासमोर चाचणी देऊन रेटिंग वाढवता येतं. मी वायुसेनेत विमानं दुरुस्त केली, उडवली नाहीत. पण तीन महिने बंद पडलेलं इंजिन पहिल्या स्टार्टला कसं खोकतं ते कानाने ऐकलंय. माणसाचं वेगळं नसतं.

तिसरं गेट
काका, चाचणीचं बरोबर. पण ते तीन महिने मी दवाखान्याच्या बाकावर होतो. हात गंजतो हे मलाही मान्य. म्हणूनच अमेरिकेत प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात. ती अट हातावर आहे, कॅलेंडरच्या पानावर नाही.

खानापूरकर ताई
९० दिवस म्हणजे कॅलेंडरच की ओ दादा!
२०२१ मध्ये बेळगाव विमानतळावर प्रशिक्षण संस्थांना जागा द्यायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या घरात हाच विषय. लेकीला पायलट व्हायचंय. मला विचाराल तर परीक्षक हवाच. तुमच्या अमेरिकन उजळणीत पास-नापास नसतं म्हणे. इन्स्ट्रक्टरला पटलं नाही तर तो सही करत नाही, एवढंच. मग माणूस दुसरा इन्स्ट्रक्टर गाठणार. आपल्याकडे ओळखीवर काय काय होतं ते सांगायला नको.

निपाणीचा पतंग
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. खरी गोची कागदावर कागद लटकवण्यात आहे. माझ्याकडे अमेरिकेचं कार्ड आहे, पण ब्रिटिश परवान्याच्या आधारावर मिळालेलं. त्यावर मूळ परवान्याचा नंबर छापलेला असतो. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं, मी परवाना दुसऱ्या देशात हलवला, नंबर बदलला आणि अमेरिकन कार्डही नव्याने काढावं लागलं. धागाकर्त्याने तिकडे रीतसर परीक्षा दिली, त्याचा परवाना स्वतःच्या पायावर उभा आहे. तो जपावा, जर्मन सोडून द्यावा.

तिसरं गेट
सोडवत नाही हो, पोरं तिकडेच आहेत.

सांबरा_निवृत्त
मग रडगाणं कशाला? दोन्हीकडची पात्रता असलेला इन्स्ट्रक्टर शोध. रेटिंग संपलंय, तेव्हा लागेल तेवढा सराव करून परीक्षकासमोर बसावंच लागेल, ते चुकत नाही. पण पुढच्या खेपेला एकाच उड्डाणात युरोपचा तासही होतो आणि अमेरिकेची उजळणीही. जमिनीवरचा तास तेवढा वेगळा.

तिसरं गेट
हे कामाचं बोललात. ऑक्टोबरात पोरांकडे जाणार आहे, तिकिटाआधी तसा माणूस बघतो. पण काका, त्या ४१ तासांचं मला अजून पटलेलं नाही.